आधी हात, मग पाना

काही मोटारींत क्लच दाबावा लागत नाही. गिअर आपोआप बदलतात. अशा मोटारीचे इंजिन आपण घरी बदलणार असू, तर गिअरबॉक्सला जपले पाहिजे.

अशा पुष्कळ मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जड, गोल डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्याची एक बाजू इंजिनाच्या चकतीला बोल्टांनी जोडलेली असते. दुसऱ्या बाजूची नळी गिअरबॉक्सच्या पंपात बसते. हा पंप गिअरबॉक्सला तेल पुरवतो.

जुने इंजिन काढण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅकचा आधार द्यावा. चकतीचे बोल्ट सोडवावे. डबा गिअरबॉक्सकडेच राहू द्यावा.

नवे इंजिन लावण्यापूर्वी डबा हाताने फिरवत आत लोटावा. ‘खट्’ असा आवाज येतो. एका आवाजावर थांबू नये. डबा आणखी आत जातो का, ते पाहावे.

मग इंजिन गिअरबॉक्सला भिडवावे. दोन्ही अंगे बोल्ट न आवळता भिडली पाहिजेत. फट राहिली तर? पुष्कळ जण बोल्ट आवळून फट मिटवतात. तिथेच घात होतो! डबा पंपावर दाबला जातो आणि पंप फुटतो. आपण इंजिन मागे घ्यावे, डबा पुन्हा बसवावा.

अंगे भिडली, की डबा हाताने मोकळा फिरला पाहिजे. डबा व चकती यांत थोडी फट हवी. किती, ते मोटारीच्या पुस्तकात असते. मगच बोल्ट आवळावे. गिअरबॉक्सचे तेल पाहिल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

घाईने दहा मिनिटे वाचतात, पण गिअरबॉक्स जातो.