पर्जन्याचे भाकीत आणि वादळाची पूर्वतयारी

गुढीपाडव्यास नवे पंचांग घरी आले की वडीलधारी मंडळी पर्जन्याचे पान आवर्जून पाहतात. मृगाचे वाहन कोणते, आर्द्रेचे कोणते, बेडूक की उंदीर, यावरून पावसाचा अदमास बांधण्याची आपली जुनी चाल आहे. हे अदमास शास्त्राच्या कसोटीस उतरतात असे नव्हे. परंतु त्यांमागील इच्छा मोलाची आहे. पुढे काय येणार हे आधी कळावे, म्हणजे हाती वेळ असतानाच तयारी करता येईल, हीच ती इच्छा होय. ऋतूच्या शास्त्रीय भाकिताचा जन्मही याच गरजेतून झाला.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यानंतर हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचे भाकीत करण्यास आरंभ केला, आणि १८८६ पासून ते नियमाने प्रसिद्ध होऊ लागले. पुढे सर गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका हुडकून काढला. एकीकडे दाब चढला की दुसरीकडे तो उतरतो. प्रशांत महासागराचे पाणी विशेष तापून ‘एल निनो’ अवतरला की आपला पाऊस पुष्कळदा क्षीण होतो. नवलाची गोष्ट अशी की, अशा वर्षी अटलांटिक महासागरातील ‘हरिकेन’ वादळांचा जोरही बहुधा ओसरतो. अमेरिकेत विल्यम ग्रे यांनी १९८४ पासून वादळी हंगामाची भाकिते सुरू केली, तेव्हा हाही संबंध त्यांनी उपयोगात आणला.

तथापि अशा भाकिताची मर्यादा नीट ओळखली पाहिजे. ते संपूर्ण हंगामाचे आणि विस्तीर्ण प्रदेशाचे असते. अमुक गावी अमुक दिवशी काय घडेल, हे त्यात नसते. १९९२ साली अटलांटिकमध्ये वादळे थोडीच झाली. परंतु त्यांपैकी ‘अँड्र्यू’ या एकाच वादळाने ऑगस्टमध्ये दक्षिण फ्लॉरिडाची धूळधाण केली. ज्यांच्या घरांची छपरे उडाली, त्यांना हंगाम शांत होता या वार्तेचे काय समाधान!

आमचे कमलनगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. म्हणून वादळाशी आपला संबंध नाही असे कोणास वाटेल. पण २०२० हे वर्ष आठवावे. एप्रिलमधील भाकीत सरासरीच्या १०० टक्के पावसाचे होते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात १०९ टक्के पाऊस झाला. हंगाम उत्तम गेला असे म्हणावयाचे, तोच १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगणातून कलबुर्गी-सोलापूरच्या रोखाने सरकले. हैदराबाद जलमय झाले. भीमेच्या पुराने कलबुर्गी व सोलापूर जिल्ह्यांतील गावे वेढली. सोयाबीन काढणीचे ते दिवस! आणि लक्षात घ्या, चक्रीवादळ म्हणून नाव मिळण्याइतकेही त्याचे बळ वाढले नव्हते.

तात्पर्य, भाकीत चांगले असो वा वाईट, तयारी दरवर्षीच केली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. वळवाचे ढग जमण्यापूर्वीच घराचे पत्रे घट्ट करावेत, छपरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या तोडाव्यात, नाल्या उपसाव्यात. बियाणे उंचावर ठेवावे. जमिनीचे कागद, औषधे व विजेरी एका जलरोधक पिशवीत हाताशी असावीत. सुगीत गंजी उंचवट्यावर रचावी आणि ताडपत्री आधीच आणून ठेवावी.

ऐन वेळेची सूचना निराळी असते. हवामान खाते ती रंगांनी देते: हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे तत्काळ कृती करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे साधन मोबाईलवर दिले आहे. ते नसले तरी कान आहेतच. ध्वनी सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तत्क्षणी शेत सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली कदापि थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

विद्यार्थिमित्रांनो, येथे तुमचे एक खास कर्तव्य आहे. सरकारी सूचना आपल्याकडे बहुधा कन्नडमध्ये निघतात, आणि पलीकडे उदगीरकडील वार्ता मराठीत येते. शाळेत तुम्ही दोन्ही लिपी शिकता. घरातील आजी-आजोबांपैकी कित्येकांना त्यांपैकी एकही वाचता येत नाही. आलेली सूचना त्यांना वेळेवर वाचून दाखवणे, ती शेतावरील माणसापर्यंत पोचवणे, एवढे जरी आपण केले तरी आपली विद्या सार्थकी लागली असे आम्ही समजू.