राजीनामा कोणाचा?

चि. बंडूस,

परवा मिरजेला मुंजीच्या पंगतीत तुझ्या आत्याच्या कानावर एक बातमी आली. कोणी आणली ते विचारू नकोस. आपल्या घरात बातम्या कशा फिरतात ते तुला ठाऊक आहे. तुला बंगळूरला मोठी जागा मिळाली, आणि सूनबाई नोकरीचा राजीनामा देणार. पहिल्या अर्ध्या बातमीनं आत्याचा घास गोड झाला, दुसऱ्या अर्धीनं तो घशातच अडकला. वहिनीला फोन केला, तर ती म्हणाली, "दोघांनी मिळून ठरवलंय." ठरवलं दोघांनी, आणि सोडणार एकटी ती?

आधी एवढं कळव: राजीनामा दिला, की अजून द्यायचा आहे?

तुझं उत्तर आत्याला पाठ आहे. तुझा पगार मोठा, तिचा लहान, चिमी दोन वर्षांची, हिशेब सरळ. हिशेब आत्यालाही येतो, बँकेत जन्म गेला तिचा. पण हा हिशेब इतका सरळ का दिसतो, हे क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी उलगडून दाखवलं आहे. बायकांची नोकरी आणि कमाई यांचा दोन शतकांचा मागोवा घेतल्याबद्दल त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. त्या म्हणतात, काही नोकऱ्या हावरट असतात. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी हाकेसरशी धावणाऱ्याला त्या सढळ हातानं मोबदला देतात. मूल झालं की जोडप्यातला एक जण अशी नोकरी धरतो, दुसरा घराच्या हाकेला राहतो. मग पगारातलं अंतर वाढत जातं, आणि पुढच्या वेळी तोच आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तू रात्री साडेनऊपर्यंत कॉलवर बसायचास, तेव्हा चिमीला भरवून निजवणारं कोणीतरी घरात होतं ना? तुझ्या पगारवाढीत त्या निजवण्याचाही वाटा आहे, बाबा.

हे घरकाम सरकारनं घड्याळ लावून मोजलंय. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. मिनिटं दोघांचीही घटली, पण मधलं अंतर २०२ चं २०१ झालं. पाच वर्षांत एक मिनिट! तुम्ही आजकालची मुलं फार बदललात असं जो तो म्हणतो, म्हणून आत्यानं ही वजाबाकी दोनदा करून पाहिली.

कायद्यानंही अर्धीच बाजू सावरली. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगीत कंपनीच्या मर्जीवर. पण विचारायला काय जातं? बंगळूरच्या ऑफिसात पाळणाघर आहे का, हे विचारलंस? पार्किंगचं नक्की विचारलं असशील.

सूनबाई औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत, म्हणून आत्याला कमला सोहोनी आठवतात, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत होत्या. १९४७ मध्ये लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. गाव बदललं, पण काम सुटलं नाही: तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं, नीरेवर संशोधन केलं, आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. पुण्याच्या इरावतीबाई कर्व्यांचं बघ. बर्लिनची डॉक्टरेट, तीन मुलं, डेक्कन कॉलेज, गावोगावची भटकंती, 'युगान्त'. त्यांचे यजमान दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. एवढा मोठा माणूस, पण घरातले व्यवहार बरेचसे त्यांनी आपल्याकडे घेतले. पुण्यात इरावतीबाईंची स्कूटर सगळ्यांना आठवते, दिनकररावांचं हे कोणी सांगत नाही.

तर, राजीनामा दिला का?

आत्या एवढी का खोदून विचारते, ते वहिनीलाही पुरतं ठाऊक नाही. बँकेत आत्याची ऑफिसरची परीक्षा पास झाली होती. प्रमोशन म्हणजे बदली, बदली म्हणजे कोकणातली शाखा, आणि घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिनं नकाराचा अर्ज दिला. शाखेतल्या सगळ्या जणी तेच करत. आम्हां बायकांची ती रीतच होती म्हण. काकांची नोकरी सरकारी, बदली मागितली असती तर मिळालीही असती. पण ती मागावी हे घरात कोणाला सुचलं नाही, आत्यालाही नाही. बरोबर लागलेली पोरं मॅनेजर होऊन आली, तेव्हा तिनं पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, आणि संध्याकाळी कॅश टॅली होईना.

जाऊ दे. रागावून लिहायला बसली होती, पण तू तसा मुलगा नाहीस. मे महिन्यात सांगलीला यायचास तेव्हा आत्याला बँकेतून यायला उशीर झाला, की फाटकाशी उभा राहायचास. आत ये म्हटलं तरी यायचा नाहीस. तुझी ही बढती कष्टाची आहे, ती घे. सूनबाईंची नोकरी राहिली म्हणून तुझी बढती लहान होत नाही.

राजीनामा दिला नसेल तर त्यांना आधी बिनपगारी रजा मागू दे. दिला असेल तर बंगळुरात त्यांना नोकरी शोधायला तूही त्यांच्याइतकाच लाग. तोवर चिमीचं काय, हा प्रश्न असेल, तर जूनपासून दिवाळीपर्यंत आत्या तिकडे येऊन राहते. काका म्हणतात, ते डबा लावतील. मिरजेहून राणी चन्नम्मा थेट बंगळूरला जाते. तिकीट तूच काढ, आणि खालचाच बर्थ बघ; आत्याच्यानं आता वर चढवत नाही.

तुझी,
आत्या