अनिकेत

आजचं चिंतन गीतेच्या १२व्या अध्यायातल्या १९व्या श्लोकावर.

या श्लोकात भक्ताची दोन लक्षणं जवळजवळ येतात: मौनी आणि अनिकेत. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा. हा शब्द मला बोचायचा. गावचं घर आम्ही गेल्या दिवाळीत विकलं. आता पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटचा करारही संपला, मालकांनी वाढवला नाही.

शनिवारी सामान टेम्पोत गेलं आणि मी रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसलो. जपमाळ कुठल्या खोक्यात गेली कुणास ठाऊक (लेबलं लावायची राहिली, इंजिनिअर असून!). म्हणून नुसताच गप्प. आधी ब्रोकरचे पैसे आठवले, मग आई आता कुठे येऊन राहणार हे. ते बराच वेळ. मग हळूहळू काहीच नाही.

तेवढ्यात लेकीला शोध लागला की इथे आवाज घुमतो. "विठ्ठल!" म्हणून ओरडायची, भिंतीकडून परत आला की खिदळायची. मग माझे हात धरून फुगडी, मी तिच्या उंचीला वाकून.

ज्ञानेश्वरीत माउली याच ठिकाणी वाऱ्याचा दाखला देतात. वाऱ्याचं एका जागी बिऱ्हाड नसतं, कारण अख्खं आकाशच त्याच्या वस्तीचं. असा भक्त मग सगळ्या विश्वालाच घर मानतो. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, विटीदांडूवर अभंग का आहेत, हे मला त्या हॉलमध्ये थोडंसं कळलं.

किल्ली घ्यायला मालक खाली थांबले होते. आम्ही अजून एक फुगडी घातली.