आपली रांग कुठली?

पालकहो, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या आपल्या नागपूरकरांना जहाजाचं अप्रूप असायचंच. आपलं मोठं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर रामटेकजवळची खिंडसी. योगायोग असा, की ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ क्रूझ सुरू झाली तेव्हा तिच्या उद्घाटनाला असलेले दोन्ही नेते नागपूरचे होते, नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ आली. सिंगापूरहून सुटणारी अवाढव्य जहाजं तर होतीच. आता सुट्या जवळ आल्या की धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत ‘यंदा क्रूझ करायची का?’ हा प्रश्न घराघरांत निघतो.

साध्या तिकिटावरही क्रूझवर राहणं, जेवण, नाच-गाणी, पोहण्याचा तलाव हे सगळं मिळतंच. पण बऱ्याच मोठ्या जहाजांवर आता जास्त पैसेवाल्यांसाठी जहाजातच आणखी एक जहाज असतं. एमएससीचा ‘यॉट क्लब’, नॉर्वेजियनचं ‘द हेवन’, रॉयल कॅरिबियनचा ‘स्टार क्लास’ ही त्यातली काही नावं. भाडं साध्या खोलीच्या कितीतरी पट, आणि त्या भाड्यात मिळतो कॉन्सिअर्ज, म्हणजे तुमची अडचण तुमच्या लक्षात यायच्या आधी ती सोडवून मोकळा होणारा माणूस. जहाजावर चढायची वेगळी वाट, नाट्यगृहात राखून ठेवलेल्या खुर्च्या, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये टेबल, बंदरावर उतरल्यावर फिरायला गाडी, वाढदिवसाचा केक, सगळं एका फोनवर. रॉयल कॅरिबियननं तर स्टार क्लासच्या या सेवकाला ‘रॉयल जिनी’ असंच नाव दिलंय. अल्लादिनच्या दिव्यातला जिनी आपल्या मुलांना चांगलाच ठाऊक असतो.

ओळखीचं एक नागपूरकर कुटुंब सिंगापूरहून अशी क्रूझ करून आलं. आजी, आई-बाबा, आठवीतली ताई आणि तिसरीतला धाकटा. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मनमोकळं सगळं सांगितलं. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याबद्दलच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. आजींचे गुडघे दुखतात. जहाजाच्या लांबच लांब मार्गिकांमधून त्यांना चालावंच लागलं नाही, चाकाची खुर्ची दारात हजर. त्यांची संकष्टी आली. कॉन्सिअर्जनं उपासाला काय चालतं ते विचारून लिहून घेतलं, आणि संध्याकाळी उकडलेले बटाटे, दही, फळं, भाजलेले शेंगदाणे खोलीत आले. आजी सांगत होत्या, “काय बाई, पाण्याचा गिलासही हातानं घेऊ देऊन नाही राहिले!” मुलांची आई जे म्हणाली ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा मला कोणी रोज विचारत होतं, तुम्हाला काय हवंय?” ज्या घरात सगळ्यांच्या आवडीनिवडी आईला पाठ असतात आणि आईची आवड कोणाला ठाऊक नसते, त्या घरातल्या बाईनं असा आराम विकत घेतला तर तिला नावं ठेवायला मी जाणार नाही. ऐपत असेल आणि कर्ज काढावं लागणार नसेल, तर जरूर जा.

आता धाकट्याचं ऐका. एका बंदरावर उतरताना कॉन्सिअर्जनं या कुटुंबाला बाजूच्या दारानं पुढं नेलं. शेजारी शेकडो प्रवासी रांगेत होते. धाकट्यानं मोठ्यानं विचारलं, “आई, हे लोक लाईनमध्ये का उभे राहून राहिले? त्यांना समजत नाही का, इकडून जाता येते?”

पालकहो, या प्रश्नाशी जरा थांबा. आपल्याला वाटतं, मुलाला श्रीमंतीचा गर्व चढेल. पण तिसरीतल्या मुलाला भाड्याचा हिशेब कुठं कळतो? त्याला त्या वेगळ्या दारात पैसा दिसला नाही, हुशारी दिसली. जे पुढं गेले ते शहाणे, जे रांगेत राहिले ते बावळट. पैशानं मिळालेली सोय मुलाला स्वतःचा गुण वाटते, आणि दुसऱ्याची गैरसोय हा त्याचा दोष वाटतो. गर्वापेक्षा मला ही समजूत जास्त घातक वाटते. गर्व निदान चारचौघांना दिसतो आणि कोणीतरी टोकतं. ही समजूत आत बसून राहते. नागपूरला परतल्यावर एका लग्नात बुफेची रांग पाहून धाकट्यानं बाबांना विचारलं, “आपली लाईन कुठली?”

ताई त्याच जहाजावर, त्याच खोलीत राहिली. ती मात्र वेगळंच काही शिकून आली. याचं कारण अगदी साधं होतं. आईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “तुला जे पाहिजे ते तू स्वतः जाऊन माग.” धाकट्यासाठी फोन आई करायची आणि आइस्क्रीम दारात यायचं. त्याच्या लेखी ते फोनमधूनच येत होतं. ताईला मात्र कॉन्सिअर्जच्या टेबलाशी जाऊन, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागलं. समोरचे काका निघाले गोव्याचे. कोकणी मिसळलेल्या मराठीत गप्पा सुरू झाल्या. त्यांची मुलगीही आठवीत होती आणि कितीतरी महिन्यांत त्यांनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. सकाळी नाश्त्याला दिसलेले काका रात्रीच्या कार्यक्रमानंतरही उभे दिसले, तेव्हा ताईनं विचारलं, “काका, तुम्ही झोपता केव्हा?”

तिचा प्रश्न योग्य होता. जहाजावर काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१३ पासून तो लागू आहे आणि भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातल्या नियमानुसार माणसाला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. उलटा हिशेब केला तर कामाचे तास किती लांबू शकतात ते आपल्याला कळेल. घरापासून दूर राहायचं ते साधारण सहा ते नऊ महिने, आणि त्या काळात रविवारची सुटी हा प्रकारच नाही. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आपला देश, इथली हजारो मुलं-मुली या कामावर आहेत. गोव्यात अशा माणसांना तारवटी म्हणतात आणि तिथल्या कित्येक घरांचा संसार त्यांच्या पगारावर उभा आहे. हॉटेल मॅनेजमेंट शिकून जहाजाची नोकरी धरणारी आपल्याकडचीही मुलं आहेत. तुमच्या मुलाला सरबत आणून देणारा माणूस कोणाचा तरी बाबा आहे, हे मुलाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. समोरासमोर बोलू दिलं की ते आपोआप समजतं.

क्रूझवर एक गोष्ट अशी आहे, जिथं कॉन्सिअर्जचं काही चालत नाही. तिचं नाव मस्टर ड्रिल. संकटाचा भोंगा म्हणजे सात लहान आवाज आणि एक लांब. तो वाजला की कोणी कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, याची ही तालीम असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली आणि ३२ जीव गेले. त्या वेळी नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम अजून व्हायची होती. त्यानंतर नियम कडक झाला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ही तालीम सक्तीची झाली. तुम्ही कितीही महागड्या खोलीत असा, तुमच्या वतीनं दुसरा कोणी ती करू शकत नाही. याला मोठा इतिहास आहे. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं वाचली, तिसऱ्या वर्गातली मात्र सुमारे एक-तृतीयांशच वाचली. जीवरक्षक होड्या सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्याच. त्या दुर्घटनेनंतर जगानं समुद्रातल्या सुरक्षिततेचे नियम लिहायला घेतले. म्हणून ही तालीम टाळू नका, कंटाळत करू नका. मुलाला आवर्जून सांगा, की ज्या गोष्टीवर जीव अवलंबून असतो तिथं सगळे सारखेच, आणि तिथं रांग मोडणारा हुशार नसतो, धोकादायक असतो.

रांगेचा परिणाम रांगेत उभ्या असलेल्यांपुरता राहत नाही. कॅथरिन डेसेल्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी एका मोठ्या विमान कंपनीतल्या भांडणांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या विमानांत फर्स्ट क्लास होता तिथं साध्या वर्गात भांडणं जास्त आढळली. आणि जिथं साध्या प्रवाशांना फर्स्ट क्लासमधून चालत मागं जावं लागलं, तिथं दोन्ही वर्गांत जास्त. म्हणजे आपलं वेगळेपण मिरवायची सोय झाली की आरामात बसलेल्यांचंही डोकं तापतं! आपल्याला हे नवीन नाही. हिवाळी अधिवेशन आलं की कोणाची तरी गाडी जाईपर्यंत चौकात थांबणं नागपूरकरांच्या अंगवळणी पडलंय. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, पण रांगेबाहेरून पुढं जायची हौस काही गेली नाही. आपण मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना त्या ताफ्यावर चिडतो. तीच मुलं मग आपल्याला देवळात ओळखीचा पुजारी शोधताना आणि दवाखान्यात ‘डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत’ म्हणत आत शिरताना बघतात.

सेवा घ्यायची कशी, याचा धडा आपल्याला फार लांब शोधायला नको. नागपूर-मुंबई रेल्वेमार्गावरच शेगाव आहे. गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकरी लाखो भाविकांची व्यवस्था बघतात. कोणी शेतकरी, कोणी नोकरदार, आपली पाळी लावून येतात. चपला सांभाळतात, झाडतात, वाढतात, आणि समोरच्याला ‘माउली’ म्हणतात. आपण त्यांना बक्षिशी देत नाही, आणि त्यांच्यावर आवाज चढवायचीही आपली हिंमत होत नाही. तिथं आपलं मूल बघतं, की वाढणारा माणूस जेवणाऱ्यापेक्षा लहान नसतो. जहाजावरचा सेवक पगारासाठी काम करतो, शेगावचा श्रद्धेनं करतो, हा फरक आहेच. पण घेणाऱ्यानं कसं वागावं, हे दोन्हीकडे सारखंच असायला काय हरकत आहे?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, क्रूझ आमच्या बजेटमध्येच नाही, हे आम्हाला कशाला? तर सांगते. कॉन्सिअर्ज आता आपल्या खिशात आलाय. खोडरबर हवं, बिस्कीट हवं, भूक लागली. बोट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत दारावर बेल. मे महिन्याच्या आपल्या उन्हात हेल्मेट घातलेला मुलगा तीन मजले चढून येतो आणि आपलं मूल मोबाइलवरून नजर न काढता पिशवी ओढून घेतं. घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमनकाका, स्कूलव्हॅनचे दादा हेसुद्धा आपल्या रोजच्या प्रवासातले सेवेकरीच आहेत.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. प्रवासाला निघण्याआधीच मुलांशी पैशाचं बोला: ही सोय विकत घेतलेली आहे, त्यासाठी आई-बाबांनी इतके दिवस साठवलंय, आणि रांगेतल्या माणसांनी आपले पैसे वेगळ्या कामासाठी राखलेत. जहाजावर असाल तर मुलांना स्वतः मागू द्या, नाव विचारू द्या, त्या नावानं हाक मारून आभार मानू द्या. बऱ्याच कंपन्या दर माणशी, दर दिवशी सेवेची रक्कम खात्यातून कापून घेतात, मुलांचीसुद्धा. ती आधी नीट वाचा, आणि वर काही द्यायचं असेल तर मुलाच्या हातून पाकीट द्या, सोबत दोन ओळी लिहिलेली चिठ्ठी. अंथरुणाची घडी, ओले टॉवेल, आपापली पाण्याची बाटली ही कामं सुटीतही मुलांकडेच ठेवा. आणि रोज एखादी गोष्ट मुद्दाम साध्या रांगेत उभं राहून करा. रांगेत कंटाळा येतो, शेजारच्याशी ओळख होते, आपली पाळी येते तेव्हा आनंद होतो. वाट पाहायची ही सवय मुलाला पुढं परीक्षेत, नोकरीत, संसारात उपयोगी पडेल. ती कोणत्याही कॉन्सिअर्जला आणून देता येणार नाही.

त्या धाकट्याच्या बाबांनी त्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला आवडलं. ते म्हणाले, “जी सगळ्यांची, तीच आपली,” आणि त्याला घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. पालकहो, सुटीत आराम जरूर करा. मुलांचे लाडही करा. पण घरी परतलं की पहिल्याच आठवड्यात मुलांना घेऊन एखाद्या साध्या रांगेत उभे राहा, आणि ओळख काढून पुढं जायचा मोह झालाच तर आपल्या मुलाची नजर आपल्यावर आहे, एवढं लक्षात ठेवा.