कासरा तुटला तरी

बैलगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. ओझे सारखे बसले की गाडी नीट चालते. यालाच आपण तोल म्हणतो.

विमानालाही तोल लागतो. ते तर अधांतरी चालते! त्याचे नाक वरखाली होते. पंख कलतात. तोंड डावीउजवीकडे वळते. हे सांभाळायला पंखांना आणि शेपटीला हलत्या फळ्या असतात. पुष्कळ मोठ्या विमानांत त्या तेलाच्या दाबाने हलतात. तेल नळ्यांतून जाते. या फळ्या म्हणजे वैमानिकाच्या हातचे कासरेच म्हणा ना!

पण कासरेच तुटले तर?

तसे एकदा घडले. दिवस १९ जुलै १९८९. अमेरिकेत डेन्व्हर शहराहून शिकागोकडे एक मोठे विमान चालले होते. आत २९६ माणसे होती. विमानाला तीन इंजिने होती. दोन पंखांखाली, एक शेपटीत. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती एकाएकी फुटली. तिला आधीच बारीक तडा होता. तपासणीत तो ध्यानात आला नव्हता. तुकडे उडाले, नळ्या तुटल्या, तेल वाहून गेले. एकही फळी हलेना.

विमान उजवीकडे कलू लागले. आता करायचं काय? पुस्तकात उपाय नव्हता. मुख्य वैमानिक आल हेन्स यांनी डावे इंजिन मंद केले, उजव्याचा जोर वाढवला. विमान सावरले. आपण नाही का, डावा बैल आवरून उजवा दामटतो आणि गाडी डावीकडे वळवतो? तसेच हे.

तरी विमान लाटेवरच्या होडीसारखे वरखाली होई. नाक खाली जाऊ लागले की जोर वाढवायचा. वर जाऊ लागले की कमी करायचा. पण इंजिन लगेच ऐकत नाही. म्हणून थोडे आधीच ओळखावे लागे.

प्रवाशांत डेनिस फिच नावाचे वैमानिक होते. ते वैमानिकांना शिकवीत. "काही मदत करू का?" असे त्यांनी विचारवले. हेन्स यांनी मोठेपणा धरला नाही. त्यांना पुढे बोलावले. फिच यांनी दोन्ही इंजिनांचे दांडे हाती घेतले. बाकीच्यांनी आपापली कामे सांभाळली.

अशी सुमारे ४४ मिनिटे गेली. सू सिटी गावचा विमानतळ आला. खाली बंब आणि माणसे तयार होती. पण वेग फार होता. शेवटच्या क्षणी उजवा पंख जमिनीला लागला. विमान मोडले, पेटले. ११२ माणसे गेली. १८४ वाचली.

हेन्स पुढे ठिकठिकाणी ही हकिकत सांगत. श्रेय मात्र ते सर्वांना देत.

आपणही निघण्याआधी चाक आणि आख नीट बघावा. बारीक तडा म्हणून सोडू नये. आणि वाटेत अडले तर शेजाऱ्याला हाक मारावी. त्यात कमीपणा नाही.