नाथानाच्या गोष्टीतली मेंढी

आजचा शास्त्रभाग: 2 शमुवेल 12:1-13



कॉलेजात असताना माझ्या मोबाईलमध्ये रवी झकरायस यांची कितीतरी भाषणं सेव्ह होती. "देव आहे कशावरून?" असं मित्रांनी विचारलं की मी त्यांचंच उत्तर पुढे करायचे.

रवी यांचा जन्म 1946 मध्ये मद्रासला झाला, पण ते वाढले दिल्लीत. सतराव्या वर्षी त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. दवाखान्यात योहान 14 वा अध्याय ऐकून प्रभूला जीवन दिलं, ही त्यांची साक्ष. 1984 मध्ये त्यांनी सेवासंस्था काढली आणि जगभर विश्वासाच्या बाजूने बोलत राहिले. मे 2020 मध्ये कर्करोगाने ते वारले.

मग फेब्रुवारी 2021 मध्ये, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा चौकशी अहवाल आला. मसाज करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी अनेक वर्षं लैंगिक गैरवर्तन केलं होतं. एकीने बलात्कार झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी तिला बजावलं होतं की त्यांची बदनामी झाली तर लाखो आत्म्यांच्या तारणाला तीच जबाबदार असेल. आधी 2017 मध्ये एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा त्यांनी तिच्यावरच खटला भरला होता आणि संस्था त्यांच्या पाठीशी राहिली होती. अहवालानंतर संस्थेने माफी मागितली.

अहवाल वाचून मी आधी रडले ते स्वतःसाठी. 'आता माझ्या विश्वासाचं काय?' मग हा अध्याय उघडला. दावीदही मोठा सेवक, स्तोत्रं रचणारा. तरी देवाने राजाचं नाव राखायला नाथानाला पाठवलं नाही. गरिबाची एकुलती मेंढी हिरावली गेली, म्हणून पाठवलं. आपण मात्र म्हणतो, "सेवेची बदनामी नको." देवाची बाजू कुठली, ते इथे स्पष्ट दिसतं.

आणखी एक. दावीदाने पाप कबूल केलं. रवी शेवटपर्यंत नाकारत राहिले. उत्तम वक्तृत्व म्हणजे पवित्र जीवन नव्हे. पौलालासुद्धा भीती होती की दुसऱ्यांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू (1 करिंथ 9:27).

आज स्वतःला विचारूया: मला तोंडावर "तूच तो" म्हणू शकेल असं कोणी माझ्या आयुष्यात आहे का? आणि मंडळीत एखादी बहीण घाबरत काही सांगायला आली, तर मी आधी कोणाला जपेन?

प्रार्थना: प्रभू, लपलेलं उजेडात आण, माझ्यातलंही. जखमी झालेल्यांना न्याय दे, आणि आम्हाला त्यांचं ऐकणारे कान दे. येशूच्या नावात, आमेन.