शिवडीची दफनभूमी व आपल्या गावची जागा

पाठ : उत्पत्ति, अध्याय 23

सारा मरण पावली तेव्हा अब्राहामापाशी गुरेमेंढरे व सोनेरुपे पुष्कळ होते. परंतु तिला मूठमाती देण्यापुरतीही स्वतःची भूमी त्यास कनान देशात नव्हती. एफ्रोन हित्ती मकपेलाचे शेत फुकट देऊ करीत असताही अब्राहामाने चारशे शेकेल रुपे तोलून दिले, आणि वेशीत जमलेल्या लोकांसमक्ष ते शेत, त्यातील गुहा व हद्दीतील झाडे आपल्या नावे करून घेतली. वचनदत्त देशात त्याने विकत घेतलेली पहिली भूमी ती हीच. या पाठाचे महत्त्व एका शहराच्या दफनभूमीच्या इतिहासावरून आपण समजून घेऊ.

नांदेड व लातूरकडील आपले कित्येक बांधव पोटापाण्यासाठी मुंबईस जातात. त्यांपैकी काहींनी शिवडी येथील विस्तीर्ण ख्रिस्ती दफनभूमी पाहिली असेल. ती मुळापासून तेथे नव्हती. कंपनी सरकारच्या काळी इंग्रज लोक आपले मृत किल्ल्याच्या दक्षिणेस, मेंढम्स पॉइंट या ठिकाणी पुरत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जागा मोडून सोनापूर येथे, शहराबाहेर, दफन होऊ लागले. पण शहर वाढत वाढत सोनापुरासही येऊन भिडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला व चोहोंकडून माणसे लोटली. 1864 च्या गणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 भरली. इतक्या दाटीत प्रेते पुरणे जिवंत माणसांच्या आरोग्यास घातक, असे मत तेव्हा प्रबळ झाले होते. लंडन शहरातील जुनी दफनस्थाने बंद करण्याचा कायदाही 1852 साली झाला होता.

1865 साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची जागा मिळवून तेथे दफनभूमी स्थापिली. ज्यांच्या नावाची मंडई पुढे प्रसिद्ध झाली तेच हे गृहस्थ. ती जागा पूर्वी कृषि व उद्यानविद्येच्या एका संस्थेची बाग होती. त्या संस्थेची नवी बाग भायखळ्यास झाली. तीच राणीची बाग होय. जेथे रोपे लावीत तेथे आता पुनरुत्थानाच्या आशेने देह पेरले जाऊ लागले. बोरीबंदरचे भव्य स्टेशन बांधणारे शिल्पज्ञ स्टीव्हन्स 1900 साली वारले. त्यांची कबर येथे आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी व 1925 साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा 1930 साली येथेच विसावले. आज शिवडीही शहराच्या पोटात आली आहे. मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा अपुरी पडते, म्हणून काही वर्षांनी जुनी कबर उघडून तेथेच दुसऱ्यास पुरावे लागते.

यावरून बोध असा की, मृतांसाठी जागेची तजवीज पुढे पाहून करावी लागते. मुंबईस हे काम करण्यास अधिकारी होते. खेड्यातील मंडळीचे काय? एका गावी एका लेकराचे प्रेत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगणात राहिलेले आम्ही पाहिले आहे. पूर्वीपासून जेथे पुरत आले ती जमीन कोणाच्या नावे आहे, याचाच वाद चालला होता. आई एकच विचारी, “माझ्या बाळाला कुठे ठेवू?” आमच्यापाशी प्रार्थना होती, पण कागद नव्हता. त्या दिवशी अब्राहामाने तोलून दिलेल्या रुप्याचा अर्थ आम्हांस कळला.

म्हणून उपदेशक बंधूंनी कोणी आजारी पडण्याची वाट न पाहता पुढील गोष्टी कराव्या. गावची दफनभूमी सातबाऱ्यावर कशी नोंदली आहे ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे. नोंद नसल्यास ग्रामसभेपुढे लेखी अर्ज करावा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात दहन व दफनभूमीची व्यवस्था हे पंचायतीच्या कामांपैकी एक आहे. जागेस कुंपण किंवा हद्दीचे दगड असावेत. प्रत्येक दफनाची तारीख व ठिकाण मंडळीच्या वहीत लिहावे, आणि 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करवावी.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही ठिकाणी बाप्तिस्म्यापूर्वीची जात कबरीच्या रांगेतही शिरते. जे एका भाकरीचे वाटेकरी, ते एका मातीत का नसावेत? शिवडीस महापौर व हमाल एकाच भिंतीच्या आत निजले आहेत. आपल्या लहानशा जागेत दोन कोपरे कशाला?

विचारासाठी प्रश्न :
1. एफ्रोन फुकट देत असता अब्राहामाने पैसे व साक्षीदार यांचा आग्रह का धरला?
2. आपल्या गावची दफनभूमी कोणाच्या नावे आहे? कागद कोणापाशी आहे?
3. आपल्या गावी कोणा परक्या ख्रिस्ती वाटसरूस मृत्यू आला, तर त्यास आपण कोठे ठेवू?